वाटेत फ्रँकफर्ट

सातपूरहून पंचवटीत जाताना मध्येच शालिमारला उतरून पाव किलो शेव घेतली, तर तो ‘स्टॉपओव्हर’ झाला की नुसतं ‘ट्रान्झिट’, हा प्रश्न अख्ख्या नाशकात एकाच माणसाला पडत असे, आणि तो माणूस आमच्या शेजारी राहायचा. भिंतीला भिंत लागून. त्यामुळे प्रश्न त्यांना पडला तरी उत्तर ऐकायला मी असायचो.

एकनाथ विधाते हे त्यांचं नाव. कॉलनीत सगळे नाना म्हणत. जन्म मखमलाबादकडच्या माळ्यांच्या घरातला. भाऊ अजूनही तिकडे कोबी-फ्लॉवर करतात. नाना मात्र डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि चढत चढत सर्व्हिस विभागाचे प्रमुख झाले. कारखाना बिस्किटं पुड्यांत भरायची यंत्रं बनवतो. नव्वदनंतर ही यंत्रं परदेशात जायला लागली. यंत्र गेलं की मागोमाग ते बसवायला, चालू करायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला नाना जायचे. केनिया, इजिप्त, पोलंड, ब्राझील. ज्या घरातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे भाजीच्या ट्रकबरोबर मुंबई, त्या घरातला माणूस ब्राझीलला जाऊन आला तेव्हा मखमलाबादला पेढे वाटले होते.

विमान कंपन्यांची एक पद्धत असते. तुम्ही जितका प्रवास कराल तितके मैल तुमच्या नावावर जमा होतात, आणि पुरेसे साठले की त्यांवर फुकट तिकीट मिळतं. नानांच्या तिकिटाचे पैसे कारखान्याचे, मैल मात्र नानांचे. त्यांच्या हाताखालचे इंजिनिअर परदेशातून चॉकलेटं आणत, अत्तरं आणत. नाना मैल आणत. नानांच्या पत्नी, म्हणजे काकू, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “यांनी ब्राझीलहून काय आणलं विचारा. वही दाखवावी तसं बोर्डिंग पासाचं अर्धुक दाखवत्यात.”

फुकट म्हटलं की आपल्याला वाटतं, हात पुढे केला की पडलंच पदरात. पण या तिकिटाला नियमांचं केवढं तरी बाड असतं, आणि नाना ते हरिपाठासारखं म्हणत. जायचं एका गावाला. वाटेत कुठल्यातरी एका गावी हवं तितके दिवस राहता येतं, त्याचे जादा मैल लागत नाहीत. हा स्टॉपओव्हर. पण तिथे दिवसभराच्या आत पुढचं विमान पकडलं तर ते नुसतं ट्रान्झिट. एका गावाला उतरून भलत्याच गावाहून परत निघालं तर त्याला ओपन जॉ म्हणतात. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की मार्ग कितीही वाकडा असला तरी पुढे जाणारा हवा. आलात त्या दिशेने परत वळलात की संपलं. “मास्तर, वाकडं जा, पण उलटं जाऊ नका,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. विमान प्रवासाचं हे तत्त्वज्ञान ते रविवार कारंजावर रिक्षावाल्यालाही ऐकवायचे. रिक्षावाला उलटा वळला की यांचा जीव खाली-वर.

यातली गंमत अशी की नाशिकला तेव्हा धड प्रवासी विमानसुद्धा येत नव्हतं. ओझरच्या बाजूने कधी लढाऊ विमान डोक्यावरून कडाडत जायचं तेवढंच.

मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून नानांनी मला आपला माणूस मानलं. ही त्यांची चूक होती. माझा भूगोल आणि त्यांचा भूगोल यांचं कधी जमलं नाही. एकदा मी सहज म्हणालो, इजिप्त आफ्रिकेत आहे. नाना समजुतीच्या स्वरात म्हणाले, “ते तुमच्या पुस्तकात. कंपनीच्या कोष्टकात तो मिडल ईस्ट धरलाय. मैल कमी लागतात.” नाईल नदीला हे कोणी कळवलंय का, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, नियमात बसतंय, मग नदीचा काय संबंध? ‘नियमात बसतंय’ हे त्यांचं दुसरं ब्रीदवाक्य. ते एकदा उच्चारलं की वाद मिटला असं ते समजत.

कॉलनीला त्यांच्या या विद्येचा प्रसाद मिळाला तो काकूंच्या भाच्याच्या लग्नात. काकूंचं माहेर नांदगावचं. आम्ही शेजारी मिळून दहाएक जण जीप करून निघालो. नानांनी मार्ग आखला होता. जाताना चांदवडला देवीचं दर्शन, हा स्टॉपओव्हर. येताना मनमाडहून रेल्वे, हा ओपन जॉ. मी म्हणालो, “नाना, जीप आहे ना आपल्याकडे?” ते म्हणाले, “म्हणून तर. जीपनंच परत आलो तर गेलो तसेच आलो. त्यात काय आखलं?”

लग्न लागलं, जेवणं झाली. जीपने आम्हाला मनमाड स्टेशनवर उतरवलं आणि ती रिकामी नाशिकला निघून गेली. ज्या गावाला आम्हाला जायचं होतं त्याच गावाला. रेल्वे अर्थातच उशिरा होती. फलाटावर आम्ही आहेराची भांडी, उरलेल्या बुंदीची पाटी आणि पेंगणारी पोरं घेऊन बसलो. नाना मात्र खुशीत होते. फलाटावर येरझाऱ्या घालत ते एका अनोळखी माणसाला ओपन जॉ समजावून सांगत होते. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “दारात जीप उभी व्हती हो, मास्तर.”

आता तुम्ही म्हणाल, एवढे मैल साठवून या माणसाने फुकट प्रवास किती केला? एकही नाही. आणि त्याचं कारण सांगायचं तर वैशालीबद्दल सांगायला हवं.

वैशाली ही नानांची एकुलती एक मुलगी. हुशार, बापासारखीच ताठ. नाशिकला इंजिनिअर झाली, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि तिथून कंपनीने तिला जर्मनीत फ्रँकफर्टला पाठवलं. नाना तेव्हा कॉलनीभर छाती पुढे काढून हिंडत. मग एके दिवशी तिचा फोन आला. बरोबर काम करणाऱ्या मार्टिन नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं होतं. तिथल्या विवाह नोंदणीच्या कचेरीत, दोन साक्षीदारांच्या समोर. करणार आहे असं ती म्हणाली नाही, केलं असं म्हणाली.

नानांना जर्मन जावयाचं काही नव्हतं. जर्मन माणूस कामाला चोख असतो, हे त्यांचं मत लग्नाच्या आधीपासूनचं होतं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “आम्हाला बोलावणं कधी करणार होतीस?” ती म्हणाली, “अहो नाना, इथे असंच करतात, कुणालाच बोलावत नाहीत.” नानांनी फोन ठेवून दिला. मखमलाबादला भाऊ म्हणाले, अक्षता टाकायला तरी सांगायचं होतं. त्यांना काय उत्तर द्यायचं? ज्या माणसाने आयुष्यभर घरोघरी जाऊन कुंकवाचं बोट लावलेल्या पत्रिका वाटल्या, दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात पंगती उठवल्या, त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण नव्हतं.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकू दर रविवारी वैशालीशी बोलत. नाना त्या वेळी खिडकीखालच्या कढीपत्त्याला पाणी घालत. त्या झाडाला इतकं पाणी मिळालं की ते शेवटी कुजलं. वैशाली आईजवळ निरोप ठेवायची, “घर तुमचंच आहे, कधीही या.” मी हे नानांजवळ काढलं तर ते म्हणाले, “कधीही या, हे बोलावणं नाय, मास्तर. ते हॉटेलच्या पाटीवर पण असतं.”

मानपानाचे आपले नियम विमान कंपनीपेक्षा कडक आहेत, आणि ते कुठे छापलेले नसल्यामुळे बदलतही नाहीत. बोलावणं नसेल तर जायचं नाही. मुलीच्या घरी तर नाहीच नाही. पण या नियमाला आपल्या लोकांनी एक पळवाट ठेवली आहे. वाटेवर असेल तर डोकावायला बोलावणं लागत नाही. माझे स्वतःचे सासरे सिन्नरहून मुद्दाम लेकीला बघायला यायचे आणि दारातच सांगायचे, “इकडं कोर्टात काम होतं, म्हटलं जाता जाता डोकवावं.” रविवारी. आम्हीही कधी विचारलं नाही की रविवारी कोर्ट कसं काय उघडं.

वैशालीच्या लग्नानंतर नानांचे कारखान्याचे सगळे दौरे फ्रँकफर्टवरून व्हायला लागले. कैरोला जायचं, फ्रँकफर्टवरून. नैरोबीला जायचं, तरी फ्रँकफर्टवरून. शेठने विचारलं तर म्हणत, तिकीट स्वस्त पडतं. मी विचारलं तर म्हणत, मैल जास्त पडतात. एकदा म्हणाले, “चार-पाच तास बसायला मिळतं तिथं. काचेतून झाडं दिसतात. पलीकडं गाव असणार.” मी विचारलं, फोन नाही केला? ते म्हणाले, “सुटी नाणी नव्हती.” नानांच्या कपाटात एका डब्यात निरनिराळ्या देशांची नाणी होती. कॉलनीतल्या पोरांना ते ती दाखवत असत. घरी येऊन मला फार वाईट वाटलं.

मग नाना निवृत्त झाले. दौरे संपले. दोन माणसांना युरोपात जाऊन येता येईल इतके मैल गाठीला होते, आणि ते ठराविक मुदतीत वापरले नाहीत तर वाया जाणार होते. नाना माझा शाळेचा ॲटलास घेऊन बसले, ते उठेनात. आठवडेच्या आठवडे माझ्या ओट्यावर युरोप पसरलेला असायचा. मी शाळेतून आलो की ते नवा मार्ग सांगायचे. लंडन ठरलं, रद्द झालं. पॅरिस ठरलं, रद्द झालं.

“पॅरिसला काय वाईट आहे?” मी विचारलं.

“मुंबईहून सरळ विमान आहे. सरळ असताना मध्ये फ्रँकफर्टला कशाला उतरलात, असं कोणी विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे, नाना?”

नाना नकाशावरची घडी बोटाने सपाट करत राहिले.

शेवटी एका संध्याकाळी ते आले ते विजयी मुद्रेनेच. म्हणाले, “लिस्बन.”

“काय आहे लिस्बनला?”

“समुद्र आहे.”

“समुद्र मुंबईलाही आहे.”

“लिस्बनला मुंबईहून सरळ विमान नाय. वाटेत फ्रँकफर्ट पडतं. तिथं आठ दिवस स्टॉपओव्हर फुकट मिळतोय. मिळतोय तर सोडायचा कशाला?” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “नियमात बसतंय.”

दोन्ही नियमांत बसत होतं. कंपनीच्याही आणि आपल्याही. मी भूगोल शिकवायला लागल्यापासून नकाशाचा इतका चांगला उपयोग झालेला पाहिला नव्हता, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते संकोचले. नाना संकोचतात हे मला त्या दिवशी कळलं.

विधात्यांच्या घरात तयारी सुरू झाली. काकूंनी शेवया वळल्या, गोडा मसाला कुटला, मेतकूट केलं. आमच्या घरभर मसाल्याचा ठसका. मी चेष्टेने विचारलं, “काकू, लिस्बनला गोडा मसाला कशाला?” त्या म्हणाल्या, “असू द्या. वाटेत कोणी भेटलं तर द्यायला.” रविवारच्या फोनवर त्यांनी वैशालीला सांगूनही टाकलं, लिस्बनला चाललोय, वाटेत तुझ्याकडे थांबू. वैशाली नुसतं ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ काकूंना लागलं. लेकीचं घर काय मनमाड स्टेशन आहे, असं तिच्या मनात आलं असेल, असं त्या माझ्या बायकोजवळ बोलल्या.

तिकीट फोनवरूनच काढायचं होतं. नेमका त्या आठवड्यात रस्ता खणताना विधात्यांच्या फोनची तार तुटली, म्हणून शनिवारी दुपारी नाना-काकू आमच्याकडे आले. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोनला स्पीकर होता. तो त्यांनी मुद्दाम चालू केला. नियम कसे वापरायचे असतात ते मला ऐकवायचं असावं.

पलीकडे एक तरुण मुलगी आली. गोड, सावकाश बोलणारी. नाना ऐटीत बोलायला लागले. कंपनीशी बोलताना त्यांचं मराठी कडक इस्त्रीचं होई. “मुंबई ते लिस्बन, दोन प्रवासी, जाताना फ्रँकफर्टला आठ दिवसांचा स्टॉपओव्हर.”

ती म्हणाली, “सॉरी सर, या तिकिटावर आता स्टॉपओव्हर मिळत नाही. नवीन नियम लागू झालाय.”

नाना हसले. अडाणी माणसाकडे बघून हसावं तसे. त्यांनी नियमाचा क्रमांक सांगितला, पोटनियम सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते जुन्या पुस्तकात होतं. नाना म्हणाले, मग परतीच्या वाटेवर द्या. परतीलाही नाही. ओपन जॉ? तोही बंद. मग दिवसभराचं ट्रान्झिट तरी? तिने कॉम्प्युटरवर पाहिलं. लिस्बनचं विमान त्याच दुपारी होतं आणि तेच घ्यावं लागणार होतं. फ्रँकफर्टला मिळाले असते दोन-तीन तास. काचेच्या आतले.

माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचं अख्खं राज्य गेलं. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं एका दमात रद्द झालं होतं. नाना रिसीव्हर धरून बसले. काकू दाराला टेकून उभ्या होत्या, त्या खाली बसल्या.

पलीकडच्या मुलीला काय वाटलं कोण जाणे. ती म्हणाली, “सर, तुम्हाला फ्रँकफर्टलाच थांबायचंय, तर सरळ फ्रँकफर्टचंच तिकीट काढा ना. मैल पण कमी लागतील. की लिस्बनला काही काम आहे?”

इतका साधा प्रश्न इतक्या वर्षांत आम्ही कोणीच नानांना विचारला नव्हता. मीही नाही. मी त्यांचे नकाशे बघत बसलो होतो. ती दोनदा म्हणाली, “सर, लाइनवर आहात ना?”

काकू म्हणाल्या, “अहो, पोरगी विचारतीये.”

नानांनी घसा साफ केला. “फ्रँकफर्ट,” ते म्हणाले. “दोन तिकिटं. मुक्काम फ्रँकफर्ट.”

व्यवहार पुरा झाला. मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी रिसीव्हर खाली ठेवून लगेच पुन्हा उचलला आणि मला विचारलं, “मास्तर, परदेशी फोन लागतो ना तुमच्याकडून?” मी मान हलवली. त्यांनी सलग लांबलचक नंबर फिरवला. कुठे बघितलं नाही, काकूंना विचारलं नाही. इतक्या वर्षांत ज्या नंबरावर एकदाही बोलले नाहीत, तो नंबर त्यांना तोंडपाठ होता. स्पीकर चालूच राहिला होता. मी उठून आत जायला लागलो, तर त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली.

“मी बोलतोय.”

पलीकडून एकदम, “नाना? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. इथंच बसलीये.”

“मग काय झालं?”

“काय नाय. येतोय आम्ही. दोघं.”

“हो, आई म्हणाली.” वैशालीचा आवाज ताठ झाला. बापाचाच आवाज. “लिस्बनला जाताना ना? किती वेळ आहात इथे? म्हणजे मला रजा टाकायला बरं.”

“जाताना नाय. तुझ्याकडंच येतोय.”

“म्हणजे? आणि पुढे?”

“पुढं कुठं नाय, बाई.”

मग वैशाली रडते आहे हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. नाना समोरच्या भिंतीकडे बघत होते. ती रडता रडता म्हणाली, “आम्ही दोघं घ्यायला येतो. नाना, मी बोलवायला पाहिजे होतं तुम्हाला. तेव्हाच.”

“हां, ते असू दे,” नाना म्हणाले. “आणि हे बघ, मार्टिनरावांना म्हणावं, विमानतळावर याच, पण आमच्यासाठी फार काय करत बसू नका. आम्ही साधं खातो.”

मार्टिनराव. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. हसू की रडू हे तिलाही कळलं नसेल.

फोन ठेवल्यावर बायको चहा टाकायला उठली. काकूंनी डोळे पुसले, पदर नीट केला, नानांकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, मग आता लिस्बनचं काय?”

नाना ॲटलास मिटत होते. म्हणाले, “लिस्बनला आपलं कोण आहे?”